मापाचे माप : हौशी रेडिओ-मापनासाठी लोड कसा निवडावा



धान्य मोजायची पायली आता बहुतेक घरांतून अडगळीत गेली आहे. तरी आपल्यातल्या वडीलधाऱ्या मंडळींना ती चांगली आठवत असेल. तिच्या बुडाला पोचा पडला, की तिच्यात धान्य कमी मावे. मोजणाऱ्याला मात्र ते कळत नसे. तो एक, दोन, तीन म्हणत मोजीत जाई. मोजणीत त्याची एकही चूक नसे, आणि तरीही शेवटचा आकडा खोटा ठरे. त्याच पायलीने पुन्हा मोजून पाहिले तरी आकडा तोच येई! पोचा कळायला शेजाऱ्याकडची शाबूत पायलीच आणावी लागे.

आज मला ज्या वस्तूविषयी बोलायचे आहे ती बोटाच्या पेराएवढी आहे. तिला हौशी रेडिओवाले नुसते 'लोड' म्हणतात. रेडिओ लहरी मोजण्याच्या यंत्राला हा लोड जोडून आपण सांगतो, 'बाबा रे, हे पन्नास ओहम. याच्यावरून बाकीचे मोज.' थोडक्यात, हा लोड म्हणजे त्या यंत्राची पायली. तिला पोचा असेल तर काय होते, आणि ती निवडावी कशी, पारखावी कशी, हे आज पाहू.

हा विषय ग्रामीण श्रोत्यांसमोर कशाला, असे कोणी विचारील. कारण असे, की आता ही यंत्रे आपल्या आवाक्यात आली आहेत. पूर्वी अशा मापनाचे यंत्र मोठ्या प्रयोगशाळेत असे, आणि त्याच्या किमतीत गावाकडे घर उभे राहिले असते. पुढे जपानमधल्या एका हौशी रेडिओवाल्याने तळहातावर मावेल असा एक आराखडा केला, आणि 2019 च्या सुमारास 'नॅनो व्हीएनए' या नावाने ते यंत्र जगभर पसरले. आज काही हजार रुपयांत ते मिळते. आमच्या मराठवाड्यातल्या कॉलेजांतून, हौशी मंडळांतून, क्वचित एखाद्या उत्साही शिक्षकाच्या टेबलावरही ते दिसते. यंत्र स्वस्त झाले ही चांगलीच गोष्ट आहे. पण त्याच्याबरोबर पारखही यायला हवी.

आणि हा सगळा निव्वळ खेळ नाही. 26 जानेवारी 2001 ला भूजचा भूकंप झाला, डिसेंबर 2004 मध्ये अंदमानावर त्सुनामी आली, तेव्हा टेलिफोन बंद पडले असताना हौशी रेडिओवाल्यांनी निरोप पोचवले. अशा वेळी ज्याचा अँटेना नीट जुळलेला असतो, त्याच्या थोड्या वॉटलाही किंमत असते.

प्रथम लोड म्हणजे काय ते समजावून घेऊ. जायकवाडीच्या कालव्याच्या काठी आपण कधी उभे राहिला असाल. समजा, एका पाटात पाणी स्थिर आहे आणि आपण फळीने एक लाट ढकलली. पुढे दार बंद असेल तर लाट त्याच्यावर आपटून परत येईल. पाट एकदम अरुंद किंवा एकदम रुंद झाला, तरी तिचा काही भाग परत येईल. पण पाट तितकाच रुंद, तितकाच खोल असा पुढे चालत राहिला, तर लाट निघून जाईल, परत काहीच येणार नाही. रेडिओ लहर तारेतून जाते तेव्हा हेच घडते. तारेच्या, म्हणजे कोअॅक्स केबलच्या, 'रुंदी'ला आपण ओहममध्ये मोजतो. हौशी रेडिओत ती 50 ओहम धरतात. आपल्या घरच्या टीव्हीच्या केबलची 75 असते. खरा 50 ओहमचा लोड म्हणजे असा तुकडा, की लहरीला वाटावे पाट पुढे चालूच आहे. ती आत शिरते, तिची उष्णता होते, आणि परत काही येत नाही.

मापनयंत्र नेमके हेच पाहते : पाठवलेल्या लहरीतला किती भाग परत आला. परंतु यंत्राच्या आतल्या तारांतून, जोडांतूनही थोडे परावर्तन होतच असते. ते वजा करण्यासाठी मापनापूर्वी यंत्राला तीन गोष्टी दाखवाव्या लागतात : एक उघडे टोक, एक आखूड जोडून बंद केलेले टोक, आणि एक लोड. या विधीला पुस्तकात अंशशोधन म्हणतात, रोजच्या बोलण्यात कॅलिब्रेशन.

आता या तिघांत एक फरक ध्यानात घ्या. उघडे टोक म्हणजे उघडे, बंद म्हणजे बंद. दोन्ही टोकाच्या गोष्टी आहेत. फार उच्च वारंवारतेला त्यांच्याही लांबीचा हिशेब धरावा लागतो. पण त्यांच्या अंगावर कोणता आकडा लिहिलेला नाही. आकडा आहे तो फक्त लोडवर. म्हणून यंत्राचे सगळे ओहम त्या एका तुकड्यावर उभे असतात.

मी गणिताचा माणूस आहे, म्हणून गणिताच्याच भाषेत सांगतो. उघडे आणि बंद टोक ठीक असेल, तर यंत्र पुढे जे करते ते आपले शाळेतले त्रैराशिक आहे. लोडला पन्नास म्हटले, तर या अँटेनाला किती? लोड खरोखर 50 असला तर उत्तर खरे. तो 75 चा निघाला, म्हणजे टीव्हीच्या केबलचा टर्मिनेटर कोणी चुकून लावला, तर 50 ओहमचा उत्तम अँटेना यंत्रावर 33 ओहमचा दिसेल. उलट, 75 ओहमचा अँटेना 'अगदी बरोबर 50' म्हणून मिरवेल.

आणि फसगत इथेच होते. कॅलिब्रेशन संपल्यावर पुष्कळजण तोच लोड पुन्हा जोडून बघतात. पडद्यावर बरोबर 50 येते, परावर्तन शून्य. 'वा, छान झाले,' असे म्हणून पुढे जातात. अहो, यंत्राला आपणच सांगितले होते की हे 50. ते आपलेच बोलणे आपल्याला परत ऐकवते आहे! या तपासणीवरून एवढेच कळते की जोड घट्ट बसला आहे. लोड खरा आहे हे कळत नाही. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते, पण आपल्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही, तशी या यंत्राची गत आहे.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. काही वर्षांपूर्वीची गोष्ट सांगतो. छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, आमच्या कॉलेजातल्या हौशी मंडळात सिल्लोडकडच्या एका खेड्यातली मुलगी येत असे. तिने 145 मेगाहर्ट्झसाठी एक साधा अँटेना केला : मध्ये सुमारे अर्ध्या मीटरची उभी तार, आणि खाली तिरप्या उतरलेल्या चार तारा. खालच्या तारा पंचेचाळीस अंशांत वाकवल्या तर असा अँटेना 50 ओहमच्या आसपास येतो. तिने मोजला, 49 आला. वहीत लिहून ठेवला.

आठवड्याने माझ्यासमोर पुन्हा मोजला, तर 38. तारा होत्या तशाच. ती म्हणाली, "सर, लोड तपासू या का?" मी म्हणालो, "लोडला काय होतंय? तो तर डबीत असतो. तुझा डाखच ढिला असणार." उचलली जीभ अन् लावली टाळ्याला! तिच्या वहीतल्या 49 वर मी लाल शाईने काट मारली. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात ती तक्त्यावर 38 लिहून उभी राहिली, आणि आपला अँटेना का चुकला असावा हे लोकांना समजावून सांगत राहिली.

पुढे महिन्याभराने मी सहज म्हणून त्या लोडला साधा मल्टिमीटर लावला. 64 ओहम. मग आठवले. माझ्याजवळ हौशी रेडिओचा परवाना आहे. मधल्या आठवड्यात एकदा मी पाच वॉटच्या हातातल्या संचाची चाचणी घेताना अँटेनाऐवजी हाच लोड क्षणभर लावला होता. असल्या चिमुकल्या लोडची ताकद पाव-अर्धा वॉट. आतला रोधक भाजला, वरून काही दिसले नाही. आता त्रैराशिक मांडा : 64 ला 50 म्हटले, तर 49 ला किती? 38. मुलीचा पहिला आकडा खरा होता. खोटा होता तो माझा लोड, आणि तो मीच बिघडवला होता.

तेव्हा लोड निवडताना पहिली गोष्ट ध्यानात ठेवावी ती ही, की मापाचा लोड वेगळा आणि शक्ती जिरवायचा लोड वेगळा. दुसऱ्याला 'डमी लोड' म्हणतात. त्याला थंड होण्यासाठी पंखांसारख्या पट्ट्या असतात, तो पाच, पन्नास, शंभर वॉट पचवतो. मापाचा लोड चिमुकला आणि नाजूक असतो. सोनाराचा काटा भुसाराच्या दुकानात वापरू नये. दोन्ही लोड वेगवेगळ्या डबीत ठेवावेत, आणि मापाच्या लोडवर तांबड्या रंगाचा ठिपका द्यावा. तो ठिपका माझ्याकडे आता आहे.

दुसरी गोष्ट वारंवारतेची. मल्टिमीटरवर 50 ओहम आले, म्हणजे रेडिओ लहरीलाही ते 50 वाटतीलच असे नाही. लांब पायांचा साधा रोधक घ्या. दोन्ही बाजूंचे पाय मिळून एक सेंटिमीटर तार उरली, तर तेवढ्या तारेचाही लहरीला अडथळा होतो. 7 मेगाहर्ट्झला तो अर्ध्या ओहमहून कमी, म्हणजे सोडून द्या. 145 मेगाहर्ट्झला तो सुमारे 9 ओहम होतो. 435 मेगाहर्ट्झला, जिथे हौशी लोक उपग्रहांचे संदेश ऐकतात, तो सुमारे 27 ओहम होतो. म्हणजे वस्तू तीच, पण खालच्या पट्ट्यात उत्तम, मधल्यात बरी, वरच्यात निरुपयोगी. तारेचे वेढे घेऊन केलेला रोधक तर मुळीच घेऊ नये. ती एक गुंडाळीच असते. आपल्याला सर्वात वरच्या कोणत्या वारंवारतेला मोजायचे आहे हे आधी ठरवावे, आणि लोड तिच्याहून बऱ्याच वरपर्यंत चालणारा घ्यावा.

तिसरी गोष्ट अचूकतेची. किती अचूक पुरे? आमच्या वाळूज-चिकलठाण्याच्या कारखान्यांतल्या कामगारांना एक जुना नियम ठाऊक आहे : ज्या गेजने माप तपासायचे, तो गेज त्या मापाच्या सवलतीपेक्षा दहापट बारीक असावा. इथेही तेच धोरण ठेवावे. लहरीच्या उंचीचे शंभर भाग करा. 51 ओहमचा लोड त्यांतला सुमारे एक भाग परत पाठवतो. 55 ओहमचा सुमारे पाच. आता एक चांगला अँटेना घ्या, जो दहा भाग परत पाठवतो. हौशी लोक ज्याला एसडब्ल्यूआर म्हणतात, ते त्याचे 1.22 येईल. 55 च्या लोडने कॅलिब्रेशन केले तर तोच अँटेना 1.11 पासून 1.35 पर्यंत काहीही दाखवू शकतो. 51 च्या लोडने केले तर 1.20 ते 1.25. पहिल्या मापावरून तार छाटायची की नाही हे ठरवणे म्हणजे अंधारात दगड मारणे. आणि एकदा छाटलेली तार काही वाढत नाही.

पण उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर आपण उगीच खर्चात पडाल. अँटेना मुळातच बिघडलेला असला, एसडब्ल्यूआर 2 असला, तर 55 च्या लोडनेही तो 1.8 ते 2.2 च्या मध्ये दिसेल. 'दुरुस्ती पाहिजे' हा निर्णय दोन्हीकडे एकच. ज्याला फक्त केबल तुटली की नाही हे पाहायचे आहे, त्याने भारी लोडवर पैसे घालू नयेत. जितके बारीक मोजायचे, तितका लोड बारीक, एवढेच सूत्र.

विकत घेताना दुकानदाराला 'पन्नास ओहमचा आहे का' एवढेच विचारून भागत नाही. त्याच्या माहितीपत्रकात कोणत्या वारंवारतेपर्यंत किती एसडब्ल्यूआर याची हमी आहे ते पाहावे. 1.02 म्हणजे शंभरात एक भाग परत. हे फार चांगले. 1.05 म्हणजे अडीच भाग. हौशी कामाला पुष्कळ. 1.2 म्हणजे नऊ भाग. हा फक्त टोक झाकण्यापुरता समजावा. मात्र 1.2 चा आकडा फार वरच्या वारंवारतेसाठी दिलेला असेल, तर तोच लोड खाली पुष्कळ चांगला असू शकतो, हेही ध्यानात असू द्यावे. ज्यावर काहीच लिहिलेले नाही, तो पारखल्याशिवाय वापरू नये. जुन्या संगणक प्रयोगशाळांतून केबलच्या टोकाला लावायचे 50 ओहमचे टर्मिनेटर असत. कॉलेजच्या भंगारात ते अजून सापडतात. त्यांतले काही खालच्या पट्ट्यांना छान चालतात, काही नाही. ते एकेक करून पाहावेत.

हाताने करायची हौस असेल तर उपाय सोपा आहे. 100 ओहमचे, एक टक्का अचूकतेचे, बिनपायांचे चपटे चिप रोधक मिळतात. ते तांदळाच्या दाण्याहूनही लहान असतात. जोडणीच्या मागच्या बाजूला मधल्या पिनेपासून कडेपर्यंत दोन बाजूंना दोन, असे समांतर डाखावेत. दोन शंभरांचे मिळून पन्नास. पाय नाहीत म्हणून तारेचा अडथळा कमी, आणि दोघांत वाटला गेल्याने आणखी निम्मा. डाख थोडा लावावा, आणि फार वेळ तापवू नये.

चौथी गोष्ट पारखण्याची, आणि शिक्षक मंडळींनी इकडे विशेष लक्ष द्यावे. मल्टिमीटरने 64 सारखी ढोबळ चूक ताबडतोब सापडते, म्हणून कामाला बसण्यापूर्वी ती तपासणी रोज करावी. आधी मीटरची दोन टोके एकमेकांना लावून तारांचा रोध पाहावा आणि तो वजा करावा. पण स्वस्त मीटर स्वतःच अर्धा-पाऊण ओहम चुकू शकतो. त्याहून बारीक पाहायचे तर बारावीच्या प्रयोगशाळेतला मीटर ब्रिज बाहेर काढा. एका फटीत आपला लोड जाड, आखूड तारांनी जोडा. दुसऱ्या फटीत 0.1 टक्का अचूकतेचा 50 ओहमच्या जवळचा रोधक. 49.9 ओहमचा सहज मिळतो आणि किंमतही थोडी असते. दोन्ही सारखे असतील तर शून्यबिंदू पन्नास सेंटिमीटरवर येईल. मग दोघांची जागा बदलून पुन्हा पाहा आणि सरासरी घ्या, म्हणजे ब्रिजच्या टोकांची चूक निघून जाते. शून्यबिंदू एक मिलिमीटर सरकला तर फरक सुमारे 0.2 ओहमचा. माझा तो 64 चा लोड या ब्रिजवर चढवला तेव्हा बिंदू छप्पन्नाच्या पुढे गेला. शेवटच्या बाकावरच्या मुलालाही दिसला!

ही पारख झाली स्थिर विजेवरची. उच्च वारंवारतेसाठी एक घरगुती उपाय आहे. वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेले तीन लोड जमवा. एकाने कॅलिब्रेशन करून उरलेले दोन मोजा. ते दोघेही एकाच दिशेने, सारख्याच अंतराने चुकलेले दिसले, तर संशय पहिल्यावर घ्यावा. एकच चुकला तर तो बाजूला ठेवावा. मात्र तिन्ही एकाच खोक्यातले असतील तर या पंचायतीला अर्थ नाही. तिन्ही पायल्या एकाच कासाराने घडवलेल्या असल्या, तर पोचाही सारखाच असायचा.

काही बारीकसारीक गोष्टी. जोडताना बाहेरची चाकी फिरवावी, लोडचे अंग फिरवू नये. नाहीतर मधली पिन झिजते. पिनेत धूळ नको. कॅलिब्रेशन केबलच्या त्या टोकाला करावे जिथे अँटेना जोडायचा आहे. उन्हाळ्यात पत्र्याखाली लोड तापला तर रोध किंचित बदलतो. पण चांगल्या रोधकात तो फरक ओहमच्या एक-दोन दशांशांइतकाच असतो, म्हणून त्याची फार धास्ती नको.

आता कोणी विचारील, की माझा लोड 0.1 टक्क्याच्या रोधकावरून तपासला; पण तो रोधक कोणी तपासला? प्रश्न अगदी रास्त आहे. बाजारातल्या वजनांवर वैधमापन खात्याचा शिक्का असतो. जाधववाडीच्या बाजारात काटा पाहताना आपण तो शिक्का पाहतो. त्या शिक्क्यामागे एक साखळी असते, आणि तिचे आपल्या देशातले मूळ दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत असते. विजेच्या मापांनाही तशीच साखळी आहे. आणि मोठ्यांनाही ती चुकलेली नाही. जुन्नर तालुक्यात खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या तीस तबकड्या! आकाशातून येणारी अतिशय क्षीण लहर मोजताना तिथेही ग्राहकयंत्रात आधी एक ज्ञात संकेत सोडून पाहावा लागतो. ज्ञाताच्या आधारावरच अज्ञाताचे माप होते, मग ती दुर्बीण असो की आपला छतावरचा अँटेना.

म्हणून शिक्षकांना माझी एक विनंती आहे. लोडची एक लहानशी वही ठेवा. कोणत्या तारखेला तपासला, किती आला, कोणी तपासला, एवढेच लिहा. आणि विद्यार्थ्याचा आकडा आपल्या आकड्याशी जुळला नाही, तर लाल शाई उचलण्याआधी पाच मिनिटे लोड तपासण्यात घाला. आमच्या कॉलेजात त्या वहीच्या पहिल्या पानावर मी 64 चा आकडा लिहून ठेवला आहे, तारखेसह. त्या मुलीला बोलावून वर्गासमोर मी तिची जुनी वही मागून घेतली, माझी काट रद्द केली, आणि शेजारी 49 पुन्हा लिहिले. प्रदर्शन तोवर होऊन गेले होते. ते काही परत आणता आले नाही.

तो भाजलेला लोड मी टाकून दिला नाही. मंडळात नवे विद्यार्थी आले, की पहिल्या दिवशी त्यांच्या हाती तो देतो आणि सांगतो, "याच्याने कॅलिब्रेशन करा, आणि मग मला सांगा यंत्र खरे बोलते का." बहुतेकजण हो म्हणतात. मग आम्ही मीटर ब्रिज काढतो.